आपल्याच नंबरचे कॉल डिटेल आणि लोकेशन: काय मिळतं, कुठून मिळतं आणि किती दिवसांच्या आत मागायचं

सहा महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी तुम्ही कुणाला फोन केला, किती मिनिटं बोललात आणि तेव्हा कुठे होतात, हे तुमच्या लक्षात नसेल. पण ते बहुधा कुठेतरी लिहिलेलं असतं. थोडं तुमच्या हँडसेटमध्ये, थोडं गूगल किंवा अ‍ॅपलच्या व्यवस्थेत, आणि बरंच मोबाइल कंपनीच्या सर्व्हरवर. या प्रत्येक नोंदीला मुदत असते आणि मुदती वेगवेगळ्या असतात. ग्राहक बहुतेक वेळा चुकतो तो इथेच. वाद उभा राहिल्यावर वकील कॉल डिटेल मागतो, तोवर हँडसेटमधली नोंद पुसली गेलेली असते आणि कंपनीकडे मागायची मुदतही उलटलेली असते.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी मुदती पाहून घ्या.

अँड्रॉइडच्या मूळ रचनेत कॉल लॉगमध्ये एका सिममागे सुमारे ५०० नोंदी राहतात. त्यापुढची नवी नोंद आली की सर्वांत जुनी गळते. दिवसाला २०-२५ कॉल करणाऱ्याच्या फोनमध्ये तीन आठवड्यांपलीकडचं काही सापडत नाही. गूगल मॅप्समधली टाइमलाइन, म्हणजे तुमच्या फिरण्याची नोंद, चालू असेल आणि सेटिंग बदललेलं नसेल, तर तीन महिन्यांहून जुना माग आपोआप पुसला जातो. कंपनीकडून ग्राहकाला वापराचा तपशील मिळतो तो मागच्या सहा महिन्यांपुरता. आणि कंपनीला स्वतःजवळ मूळ रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, किमान दोन वर्षं सांभाळावं लागतं. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१मध्ये परवान्याच्या अटी बदलून ती दोन वर्षं केली. सहा महिने आणि दोन वर्षं यांच्यामध्ये जो काळ उरतो, त्यातली नोंद कंपनीकडे असते, पण तुम्ही नुसतं मागून ती मिळत नाही.

सिम कुणाच्या नावावर आहे?

हे आधी बघायचं. फोन रोज तुमच्या खिशात असेल, पण कंपनीच्या लेखी ग्राहक तोच, ज्याच्या कागदपत्रांवर सिम घेतलंय. वडिलांच्या आधारवर घेतलेलं सिम असेल तर अर्जावर सही वडिलांची लागते. ऑफिसने दिलेलं कॉर्पोरेट सिम असेल तर तपशील ऑफिसला मिळतो, तुम्हाला नाही. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा त्याच्या अ‍ॅपवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात. आसाम, ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरमध्ये ६. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ अशी नोंद करता येते. ती लगेच करा, कारण त्या नंबरवरून कुणी काही केलं तर पहिली विचारणा तुमच्याकडे होते.

नंबर पोर्ट केलेला असेल तर आणखी एक मेख आहे. पोर्टच्या आधीचं रेकॉर्ड जुन्या कंपनीकडेच राहतं, ते नंबरासोबत नव्या कंपनीकडे जात नाही. आणि पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तो नंबर चालत नाही, म्हणजे स्टेटमेंट काढायची सोपी वाट बंद होते. तेव्हा १९००वर पोर्टचा मेसेज टाकण्याआधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट उतरवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. ते राहून गेलं असेल तर जुन्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र आणि पोर्ट झाल्याचा मेसेज दाखवून लेखी अर्ज द्यावा लागतो.

कंपनीकडून स्टेटमेंट काढणं

पोस्टपेडवाल्यांना फारसं काही करावं लागत नाही. अ‍ॅपमध्ये मागची बिलं असतात. फक्त बिल ‘आयटमाइज्ड’ प्रकारचं निवडलेलं आहे का ते पाहायचं. नसेल तर पुढच्या महिन्यापासून तसं करून घ्यायचं.

प्रीपेडवाल्यांना असा तपशील मिळतच नाही, असं दुकानातला मुलगाही बिनदिक्कत सांगतो. ते खरं नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेड ग्राहकाने मागितल्यास कंपनीने त्याला वापराचं तपशीलवार बिल द्यायचं असतं. त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत, विनंतीपासून ३० दिवसांत ते द्यावं लागतं, आणि मागच्या सहा महिन्यांतला कोणताही काळ मागता येतो. हे आकडे कागदावर लिहून घेऊन दुकानात गेलात तर बोलणं लवकर आटोपतं.

बहुतेकांचं काम अ‍ॅपमध्येच होतं, तेही फुकट. माय जिओमध्ये आपला नंबर निवडून ‘स्टेटमेंट’ शोधायचं, तारखा द्यायच्या, आणि पाहा, ईमेल करा किंवा डाउनलोड करा यांतलं एक निवडायचं. अ‍ॅपची मांडणी दर काही महिन्यांनी बदलते. बटण नेहमीच्या जागी दिसलं नाही तर अ‍ॅपमधल्या शोध-चौकटीत ‘स्टेटमेंट’ किंवा ‘युसेज’ लिहा. एअरटेलच्या प्रीपेड नंबरसाठी १२१वर एसएमएस पाठवायची जुनी पद्धत आहे: इंग्रजीत ईप्रीबिल हा शब्द सलग, मग जागा सोडून महिन्याचं इंग्रजी नाव, मग जागा सोडून ईमेल पत्ता. उत्तर नाही आलं तर त्यात वेळ न घालवता अ‍ॅपकडे किंवा कस्टमर केअरकडे वळा.

अडतं कुठे, तर बहुधा या चारपैकी एका ठिकाणी. कंपनीकडे तुमचा नोंदवलेला ईमेल जुना असतो आणि स्टेटमेंट तिकडे जातं. किंवा ते स्पॅममध्ये पडतं. पीडीएफ उघडत नाही, कारण तिला पासवर्ड असतो आणि तो वेगळ्या एसएमएसने आलेला असतो. तो एसएमएस पुसू नका, स्टेटमेंटसोबत स्क्रीनशॉट काढून ठेवा. किंवा तारखांची मर्यादा ओलांडली जाते: सहा महिने एकदम मागितले की अ‍ॅप नुसतं फिरत राहतं, तेच महिना-महिना मागितलं की मिळतं. महिन्याची फाइल उतरवली की तिला ‘२०२६-०३ नंबर’ अशा क्रमाने नाव द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते.

लेखी अर्ज करायची वेळ आली तर तो लांबलचक नको. इतकं पुरतं:

‘माझ्या नावावर असलेल्या … या प्रीपेड क्रमांकाचं दि. … ते दि. … या काळातलं कॉल, एसएमएस व डेटा वापराचं तपशीलवार बिल ट्रायच्या दूरसंचार ग्राहक संरक्षण नियम, २०१२नुसार मिळावं. त्यासाठीचं शुल्क भरण्यास मी तयार आहे. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे. अर्जाची पोच व संदर्भ क्रमांक द्यावा.’

पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरच्या ईमेलवर पाठवा. तारीख आणि वेळ त्यावर आपोआप येते.

एक स्थानिक गोष्ट. दूरसंचार खात्याच्या नकाशावर मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे. नवी मुंबई आणि कल्याणचा पट्टा त्यातच येतो. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. तुम्ही आज डोंबिवलीत राहत असाल, पण सिम नाशिकला घेतलेलं असेल, तर तुमची तक्रार आणि अपील महाराष्ट्र सर्कलच्या अधिकाऱ्याकडे जातं. मुंबईच्या पत्त्यावर पाठवलेला अर्ज आठवडे इकडून तिकडे फिरतो.

स्टेटमेंट वाचताना

स्टेटमेंट हातात आल्यावर निम्मे लोक घाबरतात, कारण त्यात न केलेल्या गोष्टी दिसतात. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात.

अनोळखी दहा आकडी नंबरला गेलेला एकच एसएमएस, आणि त्याच दिवशी तुम्ही यूपीआय किंवा बँकेचं अ‍ॅप नव्याने चालू केलेलं. ती अ‍ॅप सिमची खात्री करायला तुमच्या फोनवरून एक एसएमएस पाठवतात. आयफोन नवा घेतला किंवा सिम बदललं की परदेशी नंबरला एक मेसेज गेलेला दिसतो. आयमेसेज आणि फेसटाइम चालू होण्यासाठीचा तो मेसेज असतो आणि त्याचे पैसेही कापले जाऊ शकतात.

पहाटे तीन वाजता डेटा वापरल्याची नोंद दिसली म्हणून फोन हॅक झाला असं धरू नका. फोन झोपलेल्या माणसासारखा गप्प नसतो. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट रात्रीच होतात. शिवाय डेटाची नोंद सत्र संपल्यावर किंवा ठरावीक टप्प्यावर पडते, म्हणून नोंदीतली वेळ आणि तुम्ही व्हिडिओ पाहिल्याची वेळ यांत तफावत येते. कंपनीच्या आकड्यात चढता आणि उतरता, दोन्ही डेटा धरलेला असतो. फोनमधल्या डेटा-मीटरशी तुलना करायची असेल तर आधी त्या मीटरची महिन्याची सुरुवातीची तारीख रिचार्जच्या तारखेशी जुळवा. ती जुळवली नाही तर दोन आकडे कधीच सारखे येणार नाहीत.

मराठीत एसएमएस करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० वर्णचिन्हं मावतात, देवनागरीत ७०. मजकूर त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात. त्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ हा शब्द उच्चारायला चार अक्षरांचा, पण मोजणीत सात चिन्हांचा. लग्नाच्या आमंत्रणाचा दीडशे चिन्हांचा एक मेसेज म्हणजे हिशेबात तीन एसएमएस. स्टेटमेंटमध्ये एकाच मिनिटाला एकाच नंबरला तीन नोंदी दिसल्या तर कारण बहुधा हेच.

लक्ष द्यायची नोंद वेगळी असते. तुमच्या नंबरवरून ज्याला कधी फोन केला नाही अशा एकाच नंबराला वारंवार गेलेले कॉल, तेही तुम्हाला कुणी फोन केला त्याच वेळी. हे कॉल फॉरवर्डिंगचं लक्षण आहे. तुमच्याकडे येणारा कॉल दुसरीकडे वळवला की वळवलेला भाग तुमच्या नावावर आउटगोइंग म्हणून पडतो. ‘अमुक कोड डायल करा’ असं सांगून फसवणारे हेच करून घेत, म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून कोड डायल करून फॉरवर्डिंग चालू करण्याची सोय थांबवली. फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचे चारही पर्याय उघडून पाहा: नेहमी, व्यग्र असताना, उत्तर नसताना, संपर्काबाहेर असताना. व्हॉइसमेलखेरीज दुसरा नंबर दिसला तर तो बंद करा आणि १९८वर तक्रार नोंदवा.

आणि जे दिसणार नाही तेही माहीत असू द्या. न उचललेला कॉल स्टेटमेंटमध्ये येत नाही, कारण त्याचे पैसे आकारले जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल येत नाही. तो नुसता डेटा म्हणून मोजला जातो.

इनकमिंग आणि टॉवर का मिळत नाहीत

बहुतेकांना हवं असतं तेच नेमकं इथे नसतं: मला कुणी फोन केले, आणि तेव्हा मी कुठल्या टॉवरखाली होतो.

इनकमिंग नसण्याचं कारण हिशेबाचं आहे. १ मे २००३पासून आपल्याकडे फोन करणाराच पैसे देतो. तुमच्याकडून काही आकारायचं नाही, म्हणून बिलात ओळही नाही. ग्राहकाला मिळतो तो शेवटी बिलाचाच तपशील. कंपनीच्या सीडीआरमध्ये मात्र इनकमिंगही असतं. एका कॉलच्या ओळीत करणारा नंबर, घेणारा नंबर, तारीख, सुरुवातीची वेळ, सेकंद, कॉल की एसएमएस, हँडसेटचा ओळख-क्रमांक (आयएमईआय), सिमचा ओळख-क्रमांक (आयएमएसआय), कॉल सुरू झाला तो सेल (टॉवरवरच्या एका अँटेनाच्या कक्षेतला भाग) आणि संपला तो सेल, एवढं असतं. इंटरनेटसाठी वेगळी आयपीडीआर नोंद असते.

हे रेकॉर्ड पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली मागवता येतं. १ जुलै २०२४पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेची ९१ आणि ९२ ही कलमं होती. कोर्टालाही मागवता येतं. ग्राहकाने कंपनीला पत्र लिहून टॉवरसकट सीडीआर मागितला तर उत्तर नकाराचं येतं. ते गृहीत धरूनच पुढची आखणी करा.

धमकीचे किंवा त्रासाचे फोन असतील तर पोलिसांत तक्रार द्या आणि तक्रारीत नंबर, तारखा, वेळा आणि ‘या काळातला सीडीआर कंपनीकडून मागवावा’ हे वाक्य स्पष्ट लिहा. दिवाणी दावा, घटस्फोट किंवा मोटार अपघाताचं प्रकरण असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडे कंपनीला समन्स काढण्याचा अर्ज करा. इथे दोन वर्षांची मुदत आडवी येते. कोर्टाच्या तारखांच्या वेगाने दोन वर्षं सहज निघून जातात. म्हणून मुख्य अर्जाच्या निकालाची वाट न पाहता, रेकॉर्ड नष्ट करू नये एवढ्याच आदेशासाठी वेगळा छोटा अर्ज आधी द्यायला सांगा. तो लवकर मंजूर होण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यात अजून कुणाची खासगी माहिती उघड होत नाही. आपल्यावरच आरोप असेल आणि आपण घटनास्थळी नव्हतो हे दाखवायचं असेल, तर बचाव पक्षालाही कोर्टाकडे ही मागणी करता येते.

इनकमिंग कॉल सिद्ध करायची एक साधी वाट अनेकांना सुचत नाही. ज्याने फोन केला तो आपल्या बाजूचा असेल, तर त्याच्या स्टेटमेंटमध्ये तो कॉल आउटगोइंग म्हणून असतो. त्याच्याकडून ते मागा.

बीएसएनएलचं सिम असेल तर आणखी एक दार आहे. बीएसएनएल सरकारी कंपनी असल्याने तिला माहिती अधिकार कायदा लागू होतो. खासगी कंपन्यांना नाही. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माझ्या नंबरची सगळी माहिती’ असं मोघम लिहू नका. नंबर, तारखांचा काळ आणि नोंदीचे रकाने नेमके लिहा. इनकमिंग नंबर ही त्रयस्थाची माहिती म्हणून नाकारली जाऊ शकते. म्हणून ‘तो नंबर झाकून तारीख, वेळ, सेकंद आणि माझ्या बाजूचा सेल क्रमांक द्यावा’ असा पर्यायही त्याच अर्जात ठेवा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

नव्या कायद्याबद्दल बरीच आशा बाळगली जाते, म्हणून दोन शब्द. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ग्राहकाचे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायचे आहेत. कलम ११ तुम्हाला आपल्या डेटाचा ‘सारांश’ आणि तो कुणाकुणाला दिला याची माहिती मागू देतं. सारांश म्हणजे ओळन्‌ओळ प्रत नव्हे. आणि तपासासाठी सरकारी यंत्रणेला काय दिलं, ते या हक्कातून वगळलेलं आहे. युरोपात याहून पुढची पायरी आहे: तिथल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १५ प्रतीचाच हक्क देतं, पहिली प्रत फुकट, साधारण एका महिन्यात. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये नोकरीला असलेल्या मराठी माणसाने तिथल्या सिमसाठी हा अर्ज जरूर करून पाहावा. त्याच जर्मनीत माल्टे श्पिट्झ या ग्रीन पक्षाच्या नेत्याने जीडीपीआरच्या कितीतरी आधी डॉइच टेलिकॉमवर दावा लावून आपलं सहा महिन्यांचं रेकॉर्ड मिळवलं. ते ३५ हजारांहून अधिक ओळींचं निघालं आणि २०११मध्ये ‘त्साइट’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर नकाशासह छापलं गेलं. रोजच्या फिरण्याचा किती बारीक माग टॉवरवरून निघतो, हे लोकांना तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

लोकेशन: आपल्याच फोनमधून

टॉवरचं रेकॉर्ड हाती लागत नसलं तरी त्याहून अचूक नोंद तुमच्या फोनमध्ये असू शकते. अट एकच, की टाइमलाइन आधीपासून चालू असायला हवी. मागचं मागाहून तयार होत नाही.

गूगलने ही नोंद आपल्या सर्व्हरवरून काढून फोनमध्ये हलवली. संगणकावर ती आता दिसत नाही. गूगल मॅप्स उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी, मग ‘युअर टाइमलाइन’. तिथे तारीख निवडली की त्या दिवशीचा मार्ग आणि थांबे दिसतात. तिथेच दोन गोष्टी बदलून घ्या. ऑटो-डिलीट तीन महिन्यांवर असेल तर ते १८ किंवा ३६ महिने करा, आणि वरच्या ढगाच्या चिन्हावर जाऊन बॅकअप चालू करा. बॅकअपविना फोन बदलला, हरवला किंवा फॉरमॅट केला, तर टाइमलाइन गेलीच.

फाइल काढायची वाट अँड्रॉइडवर मॅप्समधून नाही, फोनच्या सेटिंग्जमधून आहे: लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस, टाइमलाइन, एक्सपोर्ट टाइमलाइन डेटा. स्क्रीन-लॉक विचारला जातो आणि ‘टाइमलाइन’ नावाची जेसन फाइल मिळते. आयफोनवर गूगल मॅप्स वापरत असाल तर मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये ‘पर्सनल कंटेंट’खाली तोच एक्सपोर्ट आहे. अ‍ॅपलची स्वतःची ‘सिग्निफिकंट लोकेशन्स’ नोंद मात्र कूटबद्ध असते आणि ती बाहेर काढता येत नाही. तिच्यावर विसंबू नका.

जेसन फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आत प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि अक्षांश-रेखांश असतात. ‘१८.५२०४, ७३.८५६७’ असे दोन आकडे उचलून मॅप्सच्या शोध-चौकटीत टाकले की पुण्याच्या मध्यवस्तीतला बिंदू उघडतो. दशांशानंतरचा चौथा आकडा म्हणजे सुमारे ११ मीटर. पूर्वी टेकआउटमधून, म्हणजे गूगलच्या डेटा उतरवायच्या सोयीतून, उतरवलेली जुनी फाइल असेल तर तिथे दशांशचिन्हच नसतं, १८५२०४३०० असा आकडा असतो. त्याला एक कोटीने भागायचं. वेळेच्या शेवटी ‘+०५:३०’ असेल तर ती भारतीय वेळ. ‘झेड’ असेल तर ती ग्रिनिचची आणि तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ‘१८:१०’ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे ११:४०. या एका चुकीने अख्खा दिवस घसरतो, कारण रात्री साडेबाराची नोंद आदल्या तारखेत दिसते.

‘तुम्ही इथे थांबला होतात’ असं नाव घालून दाखवलेली जागा हा गूगलचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. एकाच इमारतीत खाली मेडिकल आणि वर क्लास असेल तर ते कोणतंही नाव लावतं. पुराव्यासाठी नावापेक्षा अक्षांश-रेखांश आणि वेळ धरा, आणि जोड म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट, कॅबची पावती, किंवा कॅमेऱ्यात लोकेशन चालू असताना काढलेला मूळ फोटो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की त्यातलं लोकेशन निघून जातं. म्हणून तो मूळ फाइल म्हणूनच जपा.

टॉवरचा आकडा मिळालाच तर

कोर्टामार्फत सीडीआर हाती आला, तर सेलच्या रकान्यात लांबलचक आकडा असतो. पहिले तीन अंक ४०४ किंवा ४०५ म्हणजे भारत, पुढचे कंपनी आणि सर्कलचे. ४जीवर शेवटचा मोठा आकडा २५६ने भागून पाहा. उदाहरणार्थ २१२५०५६३ भागिले २५६: भागाकार ८३०१०, बाकी ३. भागाकार हा टॉवरचा क्रमांक, बाकी ही त्यावरच्या सेलची. टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात, प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १२० अंशांचा तुकडा. बाकी कोणत्या दिशेची हे कंपनीच्या सेल-आयडी यादीतूनच कळतं; ती यादी सीडीआरसोबत मागायला विसरू नका. तिच्याविना आकडे मुके राहतात. परिसरातले टॉवर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतात, पडताळणीला ते बरं पडतं.

पण टॉवर म्हणजे पत्ता नाही. दाट वस्तीत एक सेल काही शे मीटरची असते, माळरानावर काही किलोमीटरची. खाडीकाठी पलीकडच्या तीरावरचा टॉवर पकडला जातो, गडावर गेलं की खालचा दूरचा. जवळच्या टॉवरवर गर्दी झाली की फोन शेजारच्याकडे ढकलला जातो. आणि कॉल, मेसेज किंवा डेटा नसताना सीडीआरमध्ये ओळच पडत नाही. ‘दुपारी दोन ते चार नोंद नाही’ याचा अर्थ फोन बंद होता असा होत नाही.

दुसऱ्याचं कॉल डिटेल

‘कोणत्याही नंबरचं कॉल डिटेल काढून देतो’ अशा जाहिराती टेलिग्रामवर आणि खासगी डिटेक्टिव्हांच्या नावाने फिरतात. बहुतेक जण पैसे घेऊन गायब होतात किंवा बनावट एक्सेल देतात. खरं रेकॉर्ड मिळालंच, तर ते आणखी वाईट. ठाणे पोलिसांनी २०१८मध्ये सीडीआर विकणाऱ्यांचं जाळं उघडकीला आणलं तेव्हा अटक झालेल्यांत खासगी डिटेक्टिव्हही होते. दूरसंचार कायदा, २०२३च्या कलम ४२खाली कंपनीच्या डेटापर्यंत बेकायदा पोचणं किंवा तसा प्रयत्न करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. कॉल रेकॉर्ड त्यात नाव घेऊन धरलेलं आहे. नवऱ्याचा किंवा बायकोचा नंबर असला तरी सूट नाही.

कंपनी दाद देत नसेल तर

१९८वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो क्रमांक हाच पुढच्या सगळ्याचा पाया. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सर्कलनिहाय पत्ते ट्रायच्या तक्रार-केंद्र पोर्टलवर आहेत. ट्राय स्वतः एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहून महिने घालवू नका. अपीलही वाया गेलं तर दूरसंचार विभागाचा लोकतक्रार कक्ष किंवा ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं पूर्वी सांगितलं जाई. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात तो प्रश्न निकालात काढला. जाता येतं.

शेवटी फाइल कोर्टात द्यायची असेल तर तिला हात लावायच्या आधी प्रत काढा. मूळ फाइल उघडून ‘सेव्ह’ केली, एक्सेलमध्ये रंग भरले, नाव बदलून व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाला पाठवली, की समोरचा पक्ष तेवढंच धरून बसतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचा ‘अ’ भाग फाइल देणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा; मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो. म्हणून स्टेटमेंट किंवा टाइमलाइन उतरवली त्याच दिवशी तिचं एसएचए-२५६ हॅश काढून, तारीख आणि वेळेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवा. विंडोजवर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, सर्टयूटिल ही आतलीच आज्ञा पुरते.